आसात्रू : एका नवपेगन मंडळाची रचना, शिकवण आणि भाषेचा उंबरठा

१

धर्मसमुदायांचा विचार करताना अभ्यासक प्रायः श्रद्धेपासून आरंभ करतात. समुदायाचे देव कोणते, सृष्टीविषयीची त्याची कल्पना काय, मरणोत्तर गतीविषयी त्याचे मत काय, हे प्रश्न प्रथम येतात. संस्था, शिक्षण व प्रवेशाचे नियम हा भाग परिशिष्टात ढकलला जातो. ज्या धर्मांना अखंड आचार्यपरंपरा व सर्वमान्य ग्रंथ लाभले आहेत, त्यांच्या बाबतीत हा क्रम चालून जातो. परंतु विसाव्या शतकात युरोपात ज्या लहान समुदायांनी ख्रिस्तपूर्व दैवतांची उपासना नव्याने आरंभिली, त्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करणे अधिक फलदायी ठरते. तेथे परंपरा मध्येच खंडित झालेली असते. त्यामुळे समुदाय कसा बांधला गेला, नवागतास तो काय शिकवितो आणि कोणास आत घेतो, ह्यांतूनच त्याची श्रद्धा आकार घेते.

अशा समुदायांना आज 'नवपेगन' ही संज्ञा रूढ आहे. तिचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. लॅटिन 'पागानुस' म्हणजे मूळचा ग्रामवासी. ख्रिस्ती लेखकांनी तो शब्द अख्रिस्ती जनांना लावला. जर्मानिक भाषांत ह्याच अर्थी येणारा 'हेइधिन' हा शब्द परंपरेने माळरानवाचक शब्दाशी जोडला जातो. दोन्ही नावे परक्यांनी दिलेली आहेत. आपल्या जुन्या उपासनेला वेगळे नाव द्यावे, अशी गरज त्या उपासकांना पूर्वी पडलीच नव्हती. हे नाव पुढे त्यांच्या आधुनिक अनुयायांनी स्वीकारले, तेव्हा त्याचा अर्थ बदलणे त्यांना भाग पडले. नवपेगन चळवळीचा फार मोठा भाग हा असा शब्दार्थ पालटण्याचा उद्योग आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात आइसलंडमधील आसात्रू मंडळाची समीक्षा योजिली आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ह्या मंडळात श्रद्धेची कबुली मागितली जात नाही, गुप्त दीक्षा दिली जात नाही आणि प्रचारही केला जात नाही. ह्या तिन्हींचे कार्य तेथे भाषा करते. मंडळाच्या मोकळेपणाचे रहस्य ह्यात आहे. त्याच्या एका न बोललेल्या अटीचे मूळही ह्यातच आहे. (लिप्यंतरात आइसलंडिक घर्षक वर्णासाठी 'ध' व 'थ' योजिले असून स्वरांच्या बाबतीत आधुनिक उच्चारापेक्षा लेखनाचे अनुसरण केले आहे.)

२

आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. ९९९ किंवा १००० ह्या वर्षी, आल्थिंगी ह्या लोकसभेच्या निर्णयाने. बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोर्गिल्सोन ह्याच्या वृत्तांतानुसार देश दोन तटांत विभागण्याची वेळ आली असता निर्णय थोर्गेइर ह्या विधिवक्त्यावर सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या मताचा होता. अंगावर वस्त्र ओढून तो दिवसरात्र पडून राहिला व नंतर त्याने निवाडा दिला. सर्वांचा कायदा एक असावा आणि सर्वांचा 'सिधुर' एक असावा, असा त्याचा आशय होता. अर्भकत्याग, अश्वमांसभक्षण व गुप्तपणे केलेला यज्ञ ह्यांना काही काळ सूट राहिली.

येथे योजिलेला 'सिधुर' हा शब्द ह्या लेखाचा कणा आहे. त्याचा अर्थ रीत, आचार, वहिवाट. गॉथिक 'सिदुस', जर्मन 'झिट्टे' ही त्याची भावंडे होत. ग्रीक 'एथोस' व वैदिक 'स्वधा' ह्यांच्याशीही त्याचे नाते परंपरेने सांगितले जाते. सहस्रकाच्या संधीवर जे बदलले ते 'सिधुर', आचार. अंतःकरणातील विश्वासाची चौकशी त्या सभेत कोणी केली नाही. पुढे धर्मांतरास आइसलंडिक भाषेत 'सिधास्किप्ती', म्हणजे आचारपालट, हा शब्द रूढ झाला आणि सोळाव्या शतकातील ल्यूथरप्रणीत धर्मसुधारणेलाही तोच लावला गेला.

१८७४ च्या राज्यघटनेने आइसलंडमध्ये धर्मस्वातंत्र्य आले, तरी ल्यूथरपंथी चर्चचे राष्ट्रीय स्थान कायम राहिले. ह्या पार्श्वभूमीवर १९७२ च्या एप्रिलमध्ये, आइसलंडिक पंचांगातील ग्रीष्माच्या पहिल्या दिवशी, रेक्याविक येथे मोजक्या लोकांनी आसात्रू मंडळाची स्थापना केली. त्यांचा अग्रणी स्वेइनब्योर्न बेइन्तेइन्सोन (१९२४–१९९३) हा मेंढपाळ शेतकरी व कवी होता. 'रीमुर' ह्या मध्ययुगापासून चालत आलेल्या कथाकाव्याच्या गायनात तो निष्णात होता. १९५३ साली त्याने 'ब्रागफ्रेधी ओग हाताताल' हा वृत्तशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला होता. धर्मसंस्थापकाचा पूर्वीचा ग्रंथ छंदःशास्त्रावरील असावा, हा योग सूचक आहे. १९७३ साली मंडळास शासनमान्यता मिळाली. राष्ट्रीय चर्चच्या बिशपने विरोधी मत दिले होते. तरीही न्याय व चर्च ही खाती सांभाळणारा पंतप्रधान ओलाफुर योहानेसोन ह्याने नोंदणी मान्य केली.

स्थापनेची वेळही विचारात घ्यावयास हवी. १९७१ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कने 'कोडेक्स रेगिउस' हे तेराव्या शतकातील हस्तलिखित आइसलंडला परत केले होते. एड्डा-काव्याचा बहुतेक भाग आपणांस ह्याच एका पोथीमुळे ज्ञात आहे. एका वर्षाच्या अंतराने पोथी परत आली व पोथीतील देवांचे मंडळ उभे राहिले. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचा आग्रह धरावयास नको. पण दोन्ही एकाच वातावरणातील आहेत, हे स्पष्ट आहे. पोथीविषयीच्या राष्ट्रीय प्रेमाने जे रान तयार केले, त्यात हे बीज रुजले.

३

मंडळाच्या घटनेकडे पाहता प्रथम त्याच्या परिभाषेकडे लक्ष जाते. प्रमुखास 'अल्स्हेर्यारगोधी' म्हणतात; समग्र जनांचा गोधी, असा त्याचा अर्थ. मध्ययुगीन प्रजासत्ताकात आल्थिंगीचे विधिपूर्वक उद्घाटन करणाऱ्या गोधीचे हे पद होते. सभेच्या कार्याध्यक्षास 'लोग्सोगुमाधुर' म्हणतात. प्राचीन काळी ह्या पदावरील व्यक्ती दर वर्षी कायद्याचा तृतीयांश भाग मुखोद्गत म्हणून दाखवी व तीन वर्षांत सारा कायदा पुरा करी. कार्यकारिणीचे नाव 'लोग्र्येत्ता'. तेही जुन्या विधिमंडळाचे. म्हणजे संस्थेचा सारा सांगाडा ९३० ते १२६२ ह्या प्रजासत्ताकाच्या कालखंडातील शब्दांनी उभारला आहे.

शब्द जुने असले तरी त्यांखालील व्यवहार आधुनिक आहे. वार्षिक सभा भरते, पदाधिकारी निवडले जातात, हिशेब मांडले जातात. २००२ साली मतभेदांतून प्रमुख बदलला, त्यानंतर योनिना क्रिस्तिन बेर्ग ह्या स्त्रीने काही काळ ते पद सांभाळले आणि २००३ पासून संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सोन हे प्रमुख आहेत. एखाद्या सहकारी संस्थेच्या इतिहासात शोभेल असाच हा क्रम आहे. मंडळाच्या नावातील 'फेलाग' हा शब्दही ह्या दृष्टीने बोलका आहे. 'फे' म्हणजे पशुधन, द्रव्य. आपल्या 'पशु' शब्दाचा हा सख्खा भाऊ. धन एकत्र ठेवून केलेली भागी म्हणजे 'फेलाग'. समुदायाने स्वतःस चर्च म्हटले नाही, पंथही म्हटले नाही. त्याने निवडलेला शब्द व्यवहारातला आहे.

ह्या व्यवहारास शासनाच्या एका पद्धतीचा आधार आहे. आइसलंडमध्ये प्रत्येक रहिवाशाच्या धार्मिक नोंदणीनुसार सोळा वर्षांवरील दर सभासदामागे ठरावीक रक्कम शासन त्या त्या मंडळास देते. ज्याची कोठेच नोंद नाही, त्याचा वाटा सरकारजमा राहतो. ह्यामुळे मंडळास स्वतंत्र वर्गणी गोळा करावी लागत नाही व गोधींना दक्षिणेवर अवलंबून राहावे लागत नाही. विवाह, नामकरण व अंत्यसंस्कार करण्याचा अधिकार कायद्याने त्यांस दिला आहे.

ह्या ठिकाणी एक विसंगती मात्र आहे. कायद्याच्या भाषेत अशा संस्थेस 'त्रूफेलाग', श्रद्धामंडळ, म्हणतात. 'आसात्रू' ह्या नावातही 'त्रू', म्हणजे श्रद्धा, आहेच. 'आस' कुळातील देवांवरील श्रद्धा, असा त्याचा विग्रह. पण हा समास एकोणिसाव्या शतकातील स्कँडिनेव्हियन साहित्यिकांच्या घडणीचा आहे. जुन्या ग्रंथांत तो नाही. जुने ग्रंथ बोलतात ते 'जुन्या सिधुर'विषयी. तात्पर्य, मंडळाने नोंदणीसाठी ख्रिस्ती साच्यातील 'श्रद्धा' हा शब्द धारण केला आणि आपला अंतर्गत व्यवहार 'रीत' ह्या कल्पनेवर चालविला. शिक्षणास त्याने 'सिधफ्रेधस्ला' व किशोरवयीनांच्या संस्कारास 'सिधफेस्ता' ही नावे दिली. दोहोंत 'सिधुर' आहे, 'त्रू' नाही.

४

मंडळाचा मुख्य विधी 'ब्लोत'. वर्षभरात ऋतुमानानुसार ते होतात : ग्रीष्माच्या आरंभी, हिवाळ्याच्या आरंभी, उत्तरायणाच्या संधीवर; आणि उन्हाळ्यात थिंगवेल्लिर येथे, जेथे प्राचीन आल्थिंगी भरे. गोधी स्थान पवित्र करतो, एड्डा-काव्यातील श्लोक म्हटले जातात, पेयाने भरलेले शिंग वर्तुळात हातोहात फिरते. प्रत्येक जण देव, पूर्वज वा भूमीचे रक्षक ह्यांना उद्देशून काही बोलतो किंवा मूकपणे घोट घेतो. थोडे पेय भूमीवर ओतले जाते. त्यानंतर सहभोजन. पशुबळी दिला जात नाही.

'ब्लोत' ह्या शब्दाची कथा भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. गॉथिकमध्ये हाच धातू 'पूजा करणे' ह्या अर्थी येतो. जुन्या नॉर्समध्ये 'यज्ञपूर्वक पूजणे'. धर्मांतरानंतर आइसलंडिकमध्ये 'ब्लोता' ह्या क्रियापदाचा अर्थ 'शिव्या देणे' असा झाला आणि आजच्या बोलण्यात तोच प्रचलित आहे. जित धर्माचा पवित्र शब्द जेत्या धर्माच्या काळात अपशब्दवाचक व्हावा, अर्थापकर्षाचे ह्याहून स्पष्ट उदाहरण विरळा. १८७३ साली कोपनहेगनमधील आइसलंडिक विद्यार्थ्यांनी हिवाळी मेजवानीस 'थोर्राब्लोत' हे नाव दिले आणि शब्दाला उत्सवाचा, खाण्यापिण्याचा अर्थ पुन्हा मिळाला. १९७२ साली मंडळाने तो उचलला तेव्हा अर्धे काम झालेले होते. मेजवानीतून विधीकडे जाण्याची एकच पायरी उरली होती.

'गोध' (देव) ह्या शब्दाचेही असेच. मूळचा तो नपुंसकलिंगी व बहुधा अनेकवचनी. देवगण, असा त्याचा भाव. ख्रिस्ती ईश्वरासाठी त्याच्याच दुसऱ्या रूपाने, 'गुध'ने, पुल्लिंग धारण केले. एकाच धातूपासून दोन शब्द निघून एक जुन्या देवांना व दुसरा नव्या देवास वाहिला गेला. मूळ इंडो-युरोपीय धातू 'आहुती ओतणे' ह्या अर्थाचा की 'आवाहन करणे' ह्या अर्थाचा, ह्याविषयी दोन मते आहेत. संस्कृतात त्यांचे प्रतिनिधी 'हुत' व 'हूत' असे शेजारी उभे आहेत. भूमीवर पेय ओतणारा आणि देवांस नावाने हाक मारणारा हा आधुनिक विधी दोन्ही व्युत्पत्तींना एकदमच न्याय देतो.

ह्या उद्योगास कोणी कृत्रिम म्हणेल. तथापि आइसलंडिक भाषेची प्रकृती लक्षात घेतली म्हणजे तो आक्षेप सौम्य होतो. परभाषेतील शब्द न घेता जुन्या शब्दास नवा अर्थ देणे ही त्या भाषेची शतकाहून जुनी सवय आहे. दूरध्वनीस तेथे 'सीमी' म्हणतात. तो धागा ह्या अर्थाचा जुना शब्द होय. संगणकासाठी १९६० च्या दशकात 'तोल्वा' हा शब्द घडविला गेला : 'ताला', म्हणजे संख्या, आणि 'व्होल्वा', म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, ह्यांच्या मिश्रणातून. जिच्या मुखातून 'व्होलुस्पा' हे एड्डा-काव्य वदविले आहे ती हीच व्होल्वा. ज्या देशातील कारकून संगणक सुरू करताना नकळत प्राचीन भविष्यवेत्तीचे नाव घेतो, तेथे जुन्या देवांचा शब्दसंग्रह पुन्हा उपयोगात आणणे ही लोकविलक्षण गोष्ट ठरत नाही.

५

आता शिकवणीकडे वळू. येथे तुलनेसाठी इंग्लंडमधील विक्का संप्रदायाचे उदाहरण घ्यावे. चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर ह्याने १९५४ साली ग्रंथ लिहून हा संप्रदाय प्रकाशात आणला. त्याची रचना छोट्या मंडळांची, प्रवेश दीक्षेने, दीक्षेच्या पायऱ्या तीन. दीक्षा देणारा स्वतः दीक्षित असला पाहिजे. विधींची वही नवदीक्षिताने हाताने उतरून घ्यावयाची व गुप्त राखावयाची. ह्या संप्रदायाने सांगितलेली अखंड प्राचीन परंपरा पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही, हे रॉनल्ड हटन ह्यांच्या १९९९ मधील संशोधनानंतर सामान्यतः मान्य झाले आहे. परंतु समीक्षकाने त्यावर थांबू नये. परंपरा हाती नव्हती, म्हणूनच शिक्षणाची कडक शिस्त आवश्यक झाली, हे ध्यानात घ्यावे. इंग्लंडमधील सामान्य घरातील वा शाळेतील मुलास विक्काचे एक अक्षरही माहीत असण्याचा संभव नव्हता. जे बाहेर कोठेच मिळत नाही ते आत शिकवावे लागते. आणि जे फक्त आतच मिळते, त्यास गुप्ततेचे तेज सहज चढते.

आसात्रू मंडळाची स्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. त्याचे ग्रंथ सर्वांच्या घरी आहेत. 'व्होलुस्पा', 'हावामाल' आणि स्नोर्री स्तुर्लुसोनने १२२० च्या सुमारास रचलेली गद्य एड्डा ही आइसलंडिक साहित्याची पाठ्यपुस्तके होत. मंडळाकडे लपविण्यासारखे काही नाही. म्हणून त्याचे शिक्षण सैल व सौम्य आहे : खुल्या भेटीगाठी, कॉफी, वाचनमंडळात एड्डेचे सामुदायिक वाचन व त्यावर चर्चा. 'सिधफेस्ता' घेऊ इच्छिणारी मुले व प्रौढ ह्यांच्यासाठी 'सिधफ्रेधस्ला'चे वर्ग असतात. त्यांत पुराणकथांचा परिचय आणि 'हावामाल'मधील व्यवहारनीतीचा विचार होतो. ल्यूथरपंथी मुले ज्या वयात चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची प्रतिज्ञा करतात, सामान्यतः त्याच वयात हा संस्कार होतो. फरक इतकाच की येथे कोणत्याही सिद्धान्तावर विश्वास असल्याचे वदवून घेत नाहीत. सहिष्णुता, प्रामाणिकपणा, दिलदार वर्तन, प्राचीन वारसा व निसर्ग ह्यांविषयी आदर, एवढी मूल्ये मंडळ सांगते. देवकथांकडे काव्यात्म रूपके म्हणून पाहण्याची मोकळीक आहे, असे प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले आहे.

ह्या पद्धतीची थोरवी कोणती? तिने पाठांतराला श्रद्धेच्या वर बसविले. स्वेइनब्योर्नने एड्डा-काव्य रीमुरच्या चालींवर गायिले. १९८२ मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण निघाले, आणि त्याच वर्षीच्या 'रोक्क ई रेक्याविक' ह्या तरुण संगीतकारांवरील चित्रपटातही हा दाढीधारी वृद्ध शेतकरी गाताना दिसतो. त्या काळच्या बंडखोर तरुणांस त्याच्या गाण्यात आपलेपणा वाटला. श्लोक कानावर पडावा, तो पाठ व्हावा, वर्तुळात उभे राहून तो म्हणता यावा, एवढेच शिक्षण. त्यावर विश्वास किती ठेवावयाचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. आनुप्रासिक वृत्तातील चरण एकदा जिभेवर बसला की तो सहजासहजी विसरत नाही, हे वृत्तशास्त्राच्या लेखकास ठाऊक असणारच.

उणीवही सांगितली पाहिजे. ज्या स्नोर्रीच्या ग्रंथावर मंडळाचे पुराणज्ञान उभे आहे तो स्वतः ख्रिस्ती होता व धर्मांतरानंतर दोन शतकांनी लिहीत होता. एड्डा-काव्याची पोथी त्याहूनही पुढची. ह्या पाठांतून दहाव्या शतकातील उपासना किती दिसते आणि तेराव्या शतकातील विद्वानाची मांडणी किती, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. ज्या समुदायाचा एकमेव आधार पाठ हाच आहे, त्याच्या शिक्षणात पाठचिकित्सेला मध्यवर्ती स्थान असावयास हवे. 'रूपक' ह्या एका शब्दाने तो प्रश्न सुटत नाही, केवळ टळतो. कथा रूपक आहे असे म्हटले तरी ते रूपक कोणी व केव्हा रचले, हे विचारावेच लागते.

६

नवागताच्या स्वागताचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मंडळ प्रचार करीत नाही. ब्लोत खुले असतात. परदेशी पाहुणाही वर्तुळात उभा राहू शकतो. सभासदत्व म्हणजे शासनाच्या नोंदवहीत आपल्या नावापुढील नोंद बदलणे. शपथ नाही, परीक्षा नाही, प्रतीक्षाकाल नाही. आइसलंडमध्ये कायदेशीर वास्तव्य ही एकच अट. प्रवेश इतका सुलभ असूनही आरंभीची अनेक वर्षे सभासदसंख्या शंभराच्या आगेमागेच राहिली. २०१४ साली ती सुमारे चोवीसशे होती. आज ती पाच हजारांच्या वर आहे. ह्याच काळात राष्ट्रीय चर्चची सभासदसंख्या लोकसंख्येच्या साठ टक्क्यांखाली आली.

ह्या आकड्यांचा अर्थ मात्र जपून लावावा. नोंद बदलण्यास काही पडत नाही. आपला वाटा सरकारजमा होण्याऐवजी आवडत्या मंडळास जावा, एवढाच हेतूही असू शकतो. २०१५ साली सुमेरियन देवांच्या नावाने चालविलेल्या 'झूइझम' ह्या संघटनेने शासनाकडून मिळणारी रक्कम सभासदांस परत देण्याचे आश्वासन देताच अल्पावधीत तीन हजारांहून अधिक लोकांनी तीत नावे नोंदविली. तेव्हा नोंद म्हणजे उपासना नव्हे. आसात्रू मंडळाचे सामर्थ्य मोजावयाचे तर थिंगवेल्लिरच्या वर्तुळात किती जण उभे राहतात व त्यांतील किती जणांस श्लोक म्हणता येतो, हे पाहिले पाहिजे.

येथेच ती न बोललेली अट पुढे येते. मंडळास शिक्षणाचा भार हलका वाटतो, कारण तो आइसलंडच्या शाळेने आधीच वाहिलेला असतो. भाषा, पुराणकथा, सागा-वाङ्मय आणि आल्थिंगीचा इतिहास ही शिदोरी घेऊनच सभासद दाराशी येतो. उंबरठा त्यास दिसत नाही, कारण तो बालपणीच ओलांडलेला असतो. परंतु आज आइसलंडच्या लोकसंख्येत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचे प्रमाण षष्ठांशाहून अधिक आहे. पोलंडमधून आलेले त्यांत सर्वाधिक. अशा नवागतास नोंदवहीतील रकाना बदलता येईल, वर्तुळात उभेही राहता येईल. शिंग त्याच्या हाती येईल तेव्हा तो कोणते शब्द उच्चारील? वर्ज्य त्यास कोणी केलेले नाही. पण त्यास तयारही कोणी केलेले नाही. विक्काचा दरवाजा बंद असतो, परंतु उघडल्यावर आतील गुरू अक्षर अक्षर शिकवितो. आसात्रूचा दरवाजा सताड उघडा आहे. पण आतली भाषा तुला येतेच, असे गृहीत धरले आहे.

ह्या दोषातून एक मोठा धोका संभवतो आणि मंडळाने तो ओळखला आहे. अमेरिकेत ह्याच देवांची उपासना करणाऱ्या काही संघटना उत्तर युरोपीय वंशाची अट घालतात. भाषेच्या अभावी त्यांनी रक्ताचा आश्रय केला, असे ह्या घटनेचे निदान करता येईल. ज्यास एड्डा मूळ भाषेत वाचता येत नाही, ज्याच्या गावात ना थिंगवेल्लिर ना सागांतील डोंगर, त्यास वारशावर हक्क सांगण्यासाठी वंशावळीखेरीज दुसरे काय उरते? आइसलंडमधील मंडळाने वंशवादी मतांशी आपला संबंध नसल्याचे वारंवार स्पष्ट केले. समलिंगी विवाहांस दिलेल्या पाठिंब्याबद्दल २०१५ साली त्यास परदेशांतून द्वेषपूर्ण पत्रे आली, तरी त्याने भूमिका सोडली नाही. ही भूमिका केवळ सौजन्याची नाही. ती मंडळाच्या पायातच अनुस्यूत आहे. वारसा जर भाषेतून येतो, तर तो रक्तातून येत नाही. कोणत्याही वंशाचे मूल कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शिकू शकते, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सत्य आहे. प्रौढास ती कष्टाने का होईना, साध्य होते. रक्ताचा उंबरठा ओलांडता येत नाही. भाषेचा ओलांडता येतो. मात्र कोणीतरी पलीकडून हात द्यावा लागतो.

७

समारोपात निर्णय द्यावयाचा तर तो असा. संघटनेच्या दृष्टीने हे मंडळ नवपेगन समुदायांत विशेष निरोगी आहे. त्याने अधिकार निवडणुकीच्या अधीन ठेवले, गुप्ततेचा मोह टाळला आणि शासनमान्यतेचा उपयोग सत्तेपेक्षा समतेसाठी केला. विधीच्या दृष्टीने त्याने काही मूठभर शब्दांचा अर्थापकर्ष उलटविला. ही कामगिरी लहान नाही. शिकवणीच्या दृष्टीने मात्र ते अद्याप परक्या भांडवलावर चालते. शाळा जोवर एड्डा शिकविते, तोवर मंडळास स्वतःची शाळा उभारण्याची निकड भासत नाही. रेक्याविकमधील ओस्क्युह्लीध टेकडीवरील मंदिराच्या बांधकामास २०१५ साली आरंभ झाला आणि ते काम दीर्घकाळ रेंगाळले. भिंती उभारणे किती जिकिरीचे असते ह्याचा अनुभव मंडळास आला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मंदिराइतकीच निकड भाषावर्गाची आहे : परक्या मुलखातून आलेल्या सभासदास 'हावामाल'चे दहा श्लोक अर्थासह व चालीसह शिकविणारा वर्ग, आणि त्याच वर्गात त्या श्लोकांची पोथी केव्हा व कोणी लिहिली हेही सांगणारा शिक्षक.

सहस्र वर्षांपूर्वी थोर्गेइरने सर्वांचा सिधुर एक असावा असे म्हटले ते देश फुटू नये म्हणून. आज आइसलंडमध्ये अनेक सिधुर एका कायद्याखाली नांदतात, आणि जुना सिधुर त्यांतील एक म्हणून परतला आहे. श्रद्धा मागण्यापेक्षा रीत शिकविणे हे त्याने पत्करलेले व्रत आहे. रीत जन्माने येत नाही, सहवासाने व शब्दाने येते, हे 'सिधुर' ह्या शब्दातच आहे. त्या शब्दाशी प्रामाणिक राहावयाचे असेल तर नवागतास रीत शिकविण्याचे काम मंडळास दुसऱ्या कोणावर सोपविता येणार नाही.